खाप्याचं घडीचं दार

नाटकात काम करणाऱ्या माणसाने दारांचा धंदा करू नये, असं माझे वडील म्हणत. नट रंगमंचावर दारातून आत येण्यात जेवढा वेळ घालवतो, तेवढ्या वेळात सुतार दार बसवून घरी जातो, असं त्यांचं मत. मी दोन्ही केलं. गणेशोत्सवात मोहल्ल्याच्या मंडपात भीम होऊन गदा फिरवली आणि उरलेलं वर्ष गांधीबागेतल्या दुकानात दारं-खिडक्या केल्या. गदा पुठ्ठ्याची असे. दारं मात्र खरी होती, आणि खऱ्या वस्तूचा त्रास असा की ती पडदा पडल्यावरही तिथेच राहते. गिऱ्हाईक रोज सकाळी ती उघडतं आणि रोज सकाळी तुमची आठवण काढतं. कशा शब्दांत काढतं, ते चौकटीवर अवलंबून.

त्यातही माझं प्रेम घडीच्या दारावर. साध्या दाराला एक किंवा दोन पल्ले. घडीच्या दाराला चार, सहा, ऐपत असेल तर आठ. सगळे बिजागऱ्यांनी एकमेकांना जोडलेले. ढकललं की पल्ले एकावर एक घडी होऊन बाजूला जातात आणि घराची अख्खी भिंत नाहीशी होते. अंगण घरात येतं. बंद केलं की पुन्हा भिंत. माझ्यासारख्या माणसाला आणखी काय हवं? पडदाच तो, फक्त लाकडाचा.

गिऱ्हाईक येतं ते रंग विचारतं, काच विचारतं, कडी पितळी हवी म्हणतं. चौकट कशाची, हे विचारणारा माणूस मला क्वचितच भेटला. आणि घडीच्या दाराचं तर सगळं वजन चौकटीच्या दोन उभ्या खांबांना टांगलेलं. लग्नात सगळे नाचतात आणि मुलीचा बाप एका जागी उभा असतो ना, तशी चौकट. ती हलली की कार्य बिघडलं.

त्यात आमची नागपूरची हवा. मे महिन्यात ती लाकडातलं उरलंसुरलं पाणी शोषून घेते आणि फटीतून शेजारी दिसू लागतात. पावसाळ्यात तेच लाकूड फुगतं आणि दार लावायला जावई बोलवावा लागतो. सागवान त्यातल्या त्यात शहाणं, पण कच्चं, नीट न मुरलेलं असेल तर तेही हट्ट करतं. लोखंड फुगत नाही, पण गंजतं आणि बोलतं. ॲल्युमिनियम गंजत नाही, फुगत नाही, बोलत नाही. मात्र त्याला भिंत अशी सरळ लागते, की आमचे गवंडी त्याचं नाव काढलं तरी बिडी विझवून उठत.

लोखंड बोलतं म्हणालो, ते उगीच नाही. धंतोलीत एका डॉक्टरांचा खाली दवाखाना आणि वर घर. वरच्या गच्चीला त्यांनी हट्टाने लोखंडी चौकटीचं घडीचं दार करून घेतलं. पहिल्या पावसानंतर ते उघडताना असा आवाज करू लागलं, की खाली बाकावर बसलेले पेशंट एकमेकांकडे बघत. डॉक्टरांची आई सकाळी तुळशीला पाणी घालायला ते दार उघडी, आणि उमरेड, भंडारा, यवतमाळहून आलेली माणसं आत कोणावर काय चाललंय या विचाराने हळूच पिशवी उचलून शेजारच्या दवाखान्यात जाऊन बसत. तेल झालं, ग्रीस झालं. शेवटी मी तिथे ॲल्युमिनियमचं दार बसवलं. भिंती सिमेंटच्या, ओळंब्यात सरळ. दार लोण्यासारखं चालायचं. नागपुरात तेव्हा अशी दारं बोटांवर मोजण्याइतकी होती. लोक नुसतं बघायला म्हणून डोकं दुखत असल्याचं सांगून त्या दवाखान्यात येत.

त्यांच्यातच एक मनोहर होता. बँकेत कारकून, कडक इस्त्री, खिशाला पेन. आईला दाखवायला म्हणून धंतोलीत आला आणि दार पाहून थेट माझ्या दुकानात.

"तसंच दार पाह्यजे," तो म्हणाला. "ॲल्युमिनियमचं. खाप्याले, आमच्या घरी. पडवीले लावाचं हाय."

खापा म्हणजे कन्हान नदीवरचं गाव, विणकरांचं. तिथल्या मातीच्या घराला धंतोलीचं दार कशाला, असं मी विचारलं.

"बंद कराले," तो म्हणाला.

माझ्या आयुष्यात दार उघडायला नको, बंद करायला हवं म्हणणारा हा पहिलाच. चहा मागवला. चहा संपेपर्यंत पोराने सगळं सांगितलं.

उमरेडच्या नत्थूजींची मुलगी, वच्छला. एका लग्नात तिने पंगतीत वाढताना याला विचारलं होतं, "बँकवाले इतकंच जेवतात का?" तेव्हापासून हा गृहस्थ खरंच कमी जेवत होता. मध्यस्थामार्फत बोलणं सुरू झालं. नत्थूजी स्वतः विणकर, पण त्यांची एकच अट होती: ज्या घरात माग चालतो, तिथे मुलगी देणार नाही.

अट ऐकायला विचित्र वाटेल, पण विणकराच्या घरात ती कोणालाही कळते. मागावर पुरुष बसतो, त्याचं नाव होतं. पण मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यातल्या धाग्याच्या ज्या लहान नळ्या, ज्यांना कांड्या म्हणतात, त्या भरून द्यायला घरची बाई लागते. पोळ्या लाटून झाल्या की चरखा, पोर निजलं की चरखा. नत्थूजींच्या बायकोचा खांदा त्यातच गेला होता.

"अन् तुमच्या घरी माग आहे," मी म्हणालो.

"दोन हायेत. एकावर बाबा बसतात. ते ऐकत नाहीत." मनोहरने कप खाली ठेवला. "श्रावणात घर पाहाले येतील. मी खोटं नाही बोललो, भाऊ. मी नोकरीत हाय, इतकंच सांगतलं. माग हाय का, कोणी विचारलं नाही."

म्हणजे मला पडदाच करायचा होता. मी आनंदाने एसटीत बसलो.

रस्त्यावरून आत गेलं की अंगण, अंगणात लिंबाचं झाड, आणि पलीकडे लांब पडवी, पुढून पूर्ण उघडी. पडवीत एक म्हातारा कमरेपर्यंत जमिनीत. खड्ड्याचा माग होता तो; विणणारा खड्ड्यात पाय सोडून बसतो, त्यामुळे परक्या माणसाला तो जमिनीतून उगवल्यासारखा दिसतो. हे बकारामजी, मनोहरचे वडील.

"दारवाले आले का?" हात न थांबवता ते म्हणाले. "या. पाहा, कुठून कोंडता मले."

"कोणी नाही कोंडून राहिलं, बाबा," मनोहर म्हणाला. "पाव्हणे आले का एक दिवस लावाचं."

"एका दिवसासाठी दार? इतक्या पैशात तं माणूस दुसरं लग्न करते."

मनोहरची आई, सखूबाई, उंबऱ्यापाशी चरख्यावर होत्या. ठेंगणी, चपळ बाई. त्यांनी नवऱ्याकडे न बघता मला सांगितलं, "त्याईच्याकडं लक्ष नका देऊ. घडीचं दार करा. रोज उघडं राहीन, म्हणजे याईले उजेड. पाव्हणे आले का बंद, म्हणजे पोराले बायको. मीच सांगतलं मनोहरले."

तर हा त्यांचा डाव होता. मी मनात त्यांना नमस्कार केला आणि टेप काढला.

पण पडवीत पाऊल ठेवलं आणि माझी चप्पल चिकटली. जमीन ओली. भिंतीला ओली पोती लावलेली. बाहेर उन्हाने अंगण तापलेलं आणि आत मातीच्या माठात शिरल्यासारखा गारवा. हवा कोरडी असली की सूत तुटतं, म्हणून विणकर उन्हाळाभर मागाभोवती पाणी शिंपतो. मी तिथेच उभा राहिलो. या दाराच्या एका बाजूला बारमाही ओल आणि दुसऱ्या बाजूला नागपुरी लू. नव्या सागवानाची चौकट इथे लावली, तर आतलं अंग फुगणार, बाहेरचं आक्रसणार, आणि खांब पापडासारखा वाकडा होणार. लोखंड तर नकोच. गंजाचा एक डाग पांढऱ्या सुतावर पडला की अख्खं लुगडं बाद.

"म्हणून तं ॲल्युमिनियम," मनोहर म्हणाला.

मी त्याला भिंतीला ओळंबा लावून दाखवला. भिंत मातीच्या विटांची. वर एका बाजूला, खाली दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये तिच्या मनाला येईल तशी. अशी भिंत दर पावसाळ्यात थोडी बसते. लाकडी चौकट असली तर मी येऊन रंधा मारीन आणि दोघांची समजूत घालून देईन. ॲल्युमिनियमला रंधा मारता येत नाही. शिवाय माग चालतो तेव्हा प्रत्येक ठोक्याला जमीन हलते. त्या हादऱ्याने स्क्रू ढिले होणार, पल्ले लोंबणार आणि दार ऐन वेळी पाहुण्यांच्या अंगावर येणार.

"मंग कायचं करता?" सखूबाईंनी विचारलं.

मला उत्तर येत नव्हतं. असं झालं की मी नाटकात करतो तेच करतो: हात मागे बांधून येरझाऱ्या घालतो, म्हणजे लोकांना वाटतं विचार चाललाय. पडवीच्या टोकाला दुसरा माग होता. हा खड्ड्याचा नव्हे. जमिनीवर उभा, चार जाड खांब आणि वर आडवे वासे. त्यावर कांद्याच्या माळा, एक छत्री, मिरच्यांची थैली. मी सहज एका खांबावर बोटाने टकटक केलं. घंटेसारखा आवाज आला. मी सुतळी ताणून खांबाला लावली. वरपासून खालपर्यंत कुठेही केसाएवढी फट नाही.

"हा कधीचा?"

"माह्या बापानं केला," बकारामजी म्हणाले. "चांद्याचं जुनं सागवान. पोटभर पाणी प्यालं हाय त्यानं."

लाकडाने जो काय हट्ट करायचा तो याच पडवीत, याच ओलीत, याच लूमध्ये करून झाला होता. आता ते वाकणार नव्हतं, फुगणार नव्हतं. जगातल्या कुठल्याही वखारीत मला याहून चांगली चौकट मिळाली नसती. मी गर्रकन वळलो आणि भीमाच्या आवाजात जाहीर केलं, "ही चौकट."

बकारामजींचा माग थांबला. मग कोणीतरी म्हणालं, "नाही."

मला वाटलं म्हातारा बोलला. पण तो मनोहर होता.

"तो माग नाही तोडाचा," तो म्हणाला. "तो माझा हाय."

मॅट्रिक होईपर्यंत शाळेच्या आधी आणि शाळेच्या नंतर तो त्यावर बसला होता, हे मला नंतर कळलं. आत्ता फक्त एवढंच दिसत होतं, की ॲल्युमिनियमचं चकचकीत दार हवं म्हणणारा हा इस्त्रीवाला पोरगा कांद्याच्या माळांपुढे हात पसरून उभा आहे.

"काहून?" बकारामजींनी विचारलं. "बसणार हायेस का त्याच्यावर?"

"नाही."

"मंग?"

"असू द्या ना, बाबा. कोणाचं काय खाऊन राहिला तो?"

"कांदे टांगाले ठेवाचा का?"

सखूबाई हसल्या, पण लगेच पदर तोंडाशी नेला. बकारामजी खड्ड्यातून वर आले. उभे राहिल्यावर ते बसलेल्यापेक्षा फारसे उंच नव्हते.

"माग म्हणजे काय हाय गा? सूत असलं तं माग, नाही तं लाकूड. तू गेला त्या दिवशीच त्याचं लाकूड झालं. मी पाहून राहिलो ना रोज. ते बिचारं उभं राहून राहून थकलं. काही काम दे त्याले."

मनोहर अंगणात गेला आणि लिंबाखाली आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. मी दिवसभरात खूप मापं घेतो. त्या पाठीचं माप मला घेता आलं नाही. सखूबाईंनी कांडी भरून संपवली, दुसरी लावली. ती अर्धी झाली तेव्हा तो परत आला.

"एक गोष्ट," तो मला म्हणाला. त्याने एका खांबाजवळ जाऊन डोक्याच्या उंचीवर हात लावला. तिथे एक लाकडी खुंटी होती, हाताळून हाताळून सुपारीसारखी गुळगुळीत. "शाळेतून आलो का दप्तर हिच्यावर, अन् मी मागावर. ही राहू द्या."

आता कारागिराची अडचण ऐका. खुंटी चौकटीवर ठेवली तर त्या बाजूचे पल्ले भिंतीला सपाट चिकटणार नाहीत. दार उघडलं तरी एक घडी वीतभर पुढे येऊन उभी राहणार. माझ्या सर्वांत सुंदर दाराला जन्मापासून कुबड.

"कापली तर निशाण ठेवीन जागेवर," मी विनवलं. "पितळेची टिकली लावतो."

"खुंटी," मनोहर म्हणाला.

खुंटी राहिली.

पल्ल्यांना मी पडलेल्या इमारतीचं जुनं सागवान आणलं, वरच्या अर्ध्यात दुधी काच घातली. त्यातून उजेड आत जातो, नजर जात नाही. बिजागऱ्या पितळेच्या. खाली उंबरठा ठेवला नाही, कारण अंगणात ताणलेला उभ्या धाग्यांचा लांबलचक ताणा दोघंतिघं हातांवर झेलत आत आणतात. पायाला काही अडलं की सूत तुटून सगळी मेहनत वाया. यावर सखूबाई मात्र अस्वस्थ झाल्या.

"उंबरठा नाही तं नवरी माप कुठून ओलांडन?"

"रस्त्याकडच्या दाराला आहे ना, वहिनी."

"ते तर हायच. पण घरात दार लावा अन् उंबरठा नाही, असं म्या कुठं पाह्यलं नाही."

"नवरी तर येऊ द्या," बकारामजी खड्ड्यातून म्हणाले. "मंग तिले उडी मारू दे."

श्रावणात सखूबाईंचा निरोप आला: पाहुणे येतात, तुम्ही या, दाराला काही झालं तर वैद्य जवळ पाहिजे. मी धुतलेलं धोतर-सदरा घालून गेलो. मनोहरने माझी ओळख 'नागपूरचे स्नेही' अशी करून दिली. मी त्या भूमिकेत इतका शिरलो, की नत्थूजींच्या मेव्हण्याने मला स्थळांविषयी सल्ला विचारला.

नत्थूजी उंच, वाकलेले, अबोल. पांढरी टोपी. अंगणात बाजा टाकल्या होत्या. हवा दमट, ऊन कोवळं, आणि समोर माझं दार बंद. दुधी काचेवर लिंबाची सावली हलत होती. मी सांगतो, भिंतीच्या जागी इतकं देखणं काही खाप्यात नव्हतं. चहा झाला. वडाभाताचा वास येत होता. बोलणं बँकेचं, पावसाचं, नात्यागोत्याचं. बकारामजी स्वच्छ सदऱ्यात, गुडघ्यांवर हात ठेवून, शाळेत बसवलेल्या मुलासारखे बसले होते. मधूनमधून ते आभाळाकडे बघत आणि नाक वर करून हवा हुंगत. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

"पान पाहून येतो," असं म्हणून ते उठले आणि घराच्या बाजूने आत गेले.

पान आलं नाही. थोड्या वेळाने दारामागून आवाज आला. खट.

मनोहरचा चेहरा सुतासारखा पांढरा झाला. मग पुन्हा खट, खट, आणि लगेच लय लागली. नंतर म्हाताऱ्याने मला कारण सांगितलं: अशी ओली हवा असली की सूत तुटत नाही, अशा दिवशी मागावर बसलो नाही तर पाप लागतं.

"शेजारी हाय एक," सखूबाई घाईने म्हणाल्या. "दिवसभर ठोकत राह्यते मेला."

मी नट म्हणून उभा राहिलो. आवाजावर आवाज चढवायचा म्हणून मी या घडीच्या दाराची कथा सुरू केली: सागवान, पितळ, दुधी काच, धंतोलीच्या डॉक्टरांचं किंचाळणारं दार. हातवारे केले, पेशंटची पळापळ करून दाखवली. मेव्हणा हसून हसून बाजेवर आडवा झाला. नत्थूजी हसले नाहीत. ते दाराकडे कान देऊन बसले होते. मग ते उठले, दाराजवळ गेले आणि चौकटीच्या खांबावरून हात फिरवू लागले. त्यांची बोटं जुन्या भोकांवरून, घासलेल्या खाचांवरून उतरत गेली आणि खुंटीपाशी थांबली.

तेवढ्यात आतली लय तुटली.

"धागा गेला," नत्थूजी म्हणाले आणि त्यांनी दाराला बोट लावलं.

मी देवावर फारसा भार टाकत नाही. पण त्या क्षणी मी गावातल्या सगळ्या देवांना विनवलं, की आज माझं दार फुगू दे. श्रावण आहे, सगळ्या गावाची दारं फुगली आहेत, एवढं एक अडू दे. दार अडलं नाही. एका बोटाने, हूं की चूं न करता, पल्ले घडी होत गेले आणि पडवी उघडी झाली. इतकं सुरेख चाललेलं दार मी पुन्हा केलं नाही, आणि ते बघून मला इतकं वाईट कधी वाटलं नाही.

आत बकारामजी कमरेपर्यंत जमिनीत, स्वच्छ सदऱ्याच्या बाह्या वर, तुटलेल्या धाग्याचं एक टोक दातांत. त्यांनी मान वर केली. टोक काढून म्हणाले, "पाव्हणे, बरं झालं. उजेड आला."

मेव्हण्याने हसू गिळलं.

"माग असलेलं घर नको, म्हटलं होतं मी," नत्थूजी म्हणाले.

"म्हटलं होतं," सखूबाई म्हणाल्या.

"अन् तुमी दार लावलं."

"लावलं. पण उघडते ते."

नत्थूजींचा हात अजून खुंटीवर होता. "हा खांब मागाचा हाय. कोणाचा होता?"

"माझा," मनोहर म्हणाला. पहिल्यांदाच त्याचा आवाज मला त्याच्या बापासारखा वाटला.

"काहून तोडला?"

मनोहरने वडिलांकडे पाहिलं. उत्तर खड्ड्यातून आलं. "तो म्हणे मी बसत नाही. खोटं नाही बोलत माहा पोरगा. मंग ठेवाचा कायले? मीच सांगतलं तोडाले."

नत्थूजींनी खांबावर तळहात टेकवला. "माहा पोरगा भिलाईले गेला, कारखान्यात," ते म्हणाले. "त्याचा माग तसाच उभा हाय. त्याची माय रोज पुसते. तोडू काय म्हटलं तं रडते. अन् खरं सांगतो, मलेबी नाही झालं तोडणं." मग सखूबाईंकडे वळून, "याईच्या कांड्या कोण भरते?"

"मी भरतो," सखूबाई म्हणाल्या. आमच्याकडच्या बाया असंच बोलतात, पुरुषासारखं. ऐकायला फार खणखणीत वाटतं. "माहे हात चालतात तोवर याईचा माग. हात थांबले का माग थांबला. सून चरख्याले हात नाही लावणार. विचारा त्याईले."

बकारामजींनी मान हलवली. ती हलवताना त्यांनी मागाकडे बघितलं नाही.

"ज्यानं पोराचा माग तोडला," नत्थूजी सावकाश म्हणाले, जणू मेव्हण्याला हिशोब समजावून सांगत होते, "तो सुनेले कायले बसवन?"

आणि त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, खुंटीला अडकवली, पडवीत गेले आणि मागापाशी उकिडवे बसले. "सरका थोडे. दुसरं टोक कुठं गेलं? फणीत असन. तुमाले दिसत नाही आता, ईवाई."

'ईवाई' म्हणजे व्याही. मनोहरने तो शब्द ऐकला आणि लिंबाच्या बुंध्याला धरून उभा राहिला. सखूबाई आत वडाभात वाढायला गेल्या, पण मी त्यांना कोपऱ्यात पदराने डोळे पुसताना पाहिलं. बाकी सगळ्यांनी त्या दिवशी दोन म्हाताऱ्यांची पाठ पाहत जेवण केलं, कारण ते मागावरून उठायला तयार नव्हते.

आता माझं पोट ॲल्युमिनियमवर चालतं. वाईट नाही ते. सरळ भिंतीला सरळ दार, तक्रार नाही. पण खाप्याकडे काम निघालं की मी मुद्दाम त्या घरी डोकावतो. काही वर्षांनी सखूबाईंच्या हाताला कंप सुटला आणि ठरल्याप्रमाणे माग थांबला. बकारामजी आता पडवीत खाटेवर बसून नातवंडांना ओरडतात. वच्छला-मनोहर नागपुरात असतात आणि सुटीला येतात. दार अजून एका बोटाने उघडतं, फक्त एक घडी वीतभर पुढे आलेली, कुबड काढून.

मागच्या खेपेला मला राहवलं नाही. करवत बरोबर होतीच. वच्छलाबाईंना म्हटलं, एवढी खुंटी कापू द्या, पाच मिनिटांचं काम, मग बघा दार कसं भिंतीला चिकटतं. मनोहरने वर्तमानपत्र आणखी वर धरलं.

वच्छलाबाईंनी माझ्या हातातून करवत घेतली आणि दाराआड ठेवून दिली.

"काहून कापता, भाऊ?" त्या म्हणाल्या. "बाबा उमरेडहून आले का टोपी कुठं टांगतीन?"